आधी हात दाखवा

सिस्टर माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी हात. मी खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा दार उघडून त्यांनी नाव विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. "हात बघू," म्हणाल्या. मला वाटलं, ज्योतिष बघतात की काय. मी तळवे पुढे केले. त्यांनी ते उलटे केले, नखं बघितली, मनगटावर बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. मग निकाल दिला, "जेवत नाहीस नीट. वरची खोली घे. पाणी सकाळी येतं, भरून ठेवायचं. आणि जिन्यावर चपला काढायच्या नाहीत, कोणीतरी पडतं."

मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात त्यांना नावाने कोणीच हाक मारत नसे. मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी काढली होती, आणि रिटायर झाल्या तरी गल्लीच्या त्या सिस्टरच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. मूळच्या गुहागरकडच्या, इथे शेतं होती तेव्हा वडिलांनी घेतलेल्या जागेवर त्यांचं छोटं घर होतं. खाली दोन खोल्या, वर माझी एक, मागे पत्र्याची पडवी. तिन्ही बाजूंनी टॉवर उठले होते, त्यामुळे आमच्याकडे ऊन फक्त दुपारी जेवायला यायचं. बिल्डरची माणसं अधूनमधून येत. सिस्टर त्यांचेही हात बघायच्या आणि पाणी देऊन परत पाठवायच्या.

त्यांचं हिंदी वॉर्डातलं होतं. सगळी वाक्यं हुकमाची. "सीधा लेटो. मुँह खोलो. साँस छोडो." भाजीवाल्याशीही त्याच सुरात: "तौलो. फिर तौलो. अब हाथ छोडो." रिक्षावाल्याला मागून सांगायच्या, "खड्डा है, धीरे लो, पेशंट है." पेशंट कोण, हे रिक्षावाला विचारत नसे. आम्ही दोघीही धडधाकट असायचो, पण तो हळू घ्यायचा.

मी महाडकडची, मीरा रोडला एका कॉल सेंटरमध्ये दुपारपाळी करायचे. म्हणजे सकाळ मोकळी. सिस्टरना सकाळी मोकळी असलेली माणसं सहन होत नसत. चौथ्या-पाचव्या दिवशीच त्यांनी मला पडवीत बोलावलं आणि एका फळीचं टोक धरायला लावलं. तिथे मला कळलं की बाई सुतारकाम करतात.

कसलं सुतारकाम, तर म्हाताऱ्या माणसांसाठी. खाली बसता येत नाही अशांसाठी मध्ये भोक असलेल्या लाकडी खुर्च्या, ज्या संडासात ठेवता येतात. आंघोळीसाठी रुंद पायांचे स्टूल. खाटेवर चढायला पायरी. करवत, रंधा, काटकोन बघायचा गुण्या, स्क्रू आणि फेविकॉल एवढ्यावर सगळं चालायचं. शिकल्या होत्या शेजारच्या इमारतीत फर्निचरचं काम चाललं होतं तेव्हा रोज जाऊन, सुतारांना चहा पाजून. खुर्ची दिसायला देखणी नसायची. पण तिच्यावर कोणीही धाडकन बसावं, ती हलायची नाही.

त्यातली एक खुर्ची तारोडीला गेली होती. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण तिथली. तिच्या सासूचे गुडघे गेले होते म्हणून सिस्टरनी खुर्ची करून दिली. महिन्याभराने खुर्ची कशी चाललीय ते बघायला आम्ही दोघी तारोडीला गेलो. त्यांना अशी तपासणी करायची सवयच होती, टाके काढायला बोलवावं तशी. बघतो तर म्हातारी घरासमोर, भर अंगणात, सगळ्या गावादेखत त्या भोकाच्या खुर्चीवर ऐसपैस बसून सुके बोंबील निवडतेय.

"अगो आजी, ही मोरीत ठेवायची!" सिस्टर ओरडल्या.

"मोरीत कशाला?" म्हातारी म्हणाली. "हितं बेस हाय. खालून वारा लागतो."

"आणि मोरीत काय करतेस मग?"

"मोरीत न्हेते की. काम झालं का परत भायेर आनते. खुर्ची काय मोरीत ठेवायची वस्तू हाय?"

येताना सिस्टर रिक्षात एकट्याच हसत होत्या. म्हणाल्या, "बघितलंस? दिवसभर सोडत नाही ती. याला म्हणतात खुर्ची."

पण हाताच्या करवतीने एका खुर्चीला आठवडा जायचा, आणि मागणी वाढत होती. त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. एका सकाळी त्यांनी करवत खुंटीला लावली आणि जाहीर केलं, "मशीन घ्यायचं." टेबल सॉ. म्हणजे टेबलाच्या मधून गोल दातेरी पातं वर आलेलं असतं, ते फिरत राहतं आणि लाकूड त्याच्याकडे सरकवत न्यायचं. मी तोवर असलं काही बघितलं नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ लावला तेव्हा त्या आवाजानेच मी मोबाइल उलटा ठेवला.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. गल्लीत प्रत्येकाचं मत होतं. इस्त्रीवाला म्हणाला, सेकंडहँड घ्या. समोरच्या वहिनी म्हणाल्या, माझ्या भावाने ऑनलाइन मागवलं, एकदम स्वस्त आणि मस्त. "स्वस्त आणि मस्तच्या मध्ये आमचा वॉर्ड होता," सिस्टर म्हणाल्या. वहिनींना ते कळलं नाही; तुटलेली बोटं घेऊन माणसं सर्जरीच्याच वॉर्डात येत. गुहागरहून भावाचा फोन आला. स्पीकरवर असल्यामुळे मलाही ऐकू आला. "अगो ताई, या वयात माणसं जपमाळ घेतात, करवत नाही."

"जपमाळ घ्यायला मांडी घालून बसावं लागतं," सिस्टर म्हणाल्या. "ज्यांना बसता येत नाही त्यांच्यासाठी मी करवत घेतेय. ठेव फोन."

मोबाइलवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी वाचून दाखवायचे. चांगले असले की त्या हाताने पुढे चल म्हणायच्या. "चांगलं सगळे पहिल्या दिवशी लिहितात. सहा महिने वापरून लिहिलंय त्याचं वाच." असे अभिप्राय फार थोडे असत, पण त्यांतून त्यांना हवं ते मिळायचं. अमुक मशीनची मोटर तापते. तमुकचा पार्ट मिळत नाही, मशीन धूळ खात पडलंय. कोणाच्या घरच्या लाइनवर दिवे मिचमिचतात. हे सगळं त्या कान देऊन ऐकायच्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारायच्या: "याने बोटाबद्दल काही लिहिलंय का?"

मीरा रोडच्या एका मोठ्या दुकानात पिवळंधमक मशीन होतं. विकणारा मुलगा टाय लावलेला. "मॅडम, बहुत पावरफुल है," त्याने तीन वेळा सांगितलं. सिस्टरनी आधी त्याचे हात बघितले. ते स्वच्छ होते, म्हणजे मशीनला त्याने कधी हात लावला नव्हता. मग त्यांनी लाकूड सरळ जावं म्हणून बाजूला जी पट्टी असते, ती फेन्स, सरकवून घट्ट केली आणि टोकाला अंगठ्याने दाबली. ती हलली.

"ये हिलता है."

"मॅडम, सेट करना पडता है."

"एक बार?"

"हर बार."

"चल ग," त्या मला म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, एवढीशी तर हलत होती. त्या फुटपाथवरच थांबल्या. एक तळहात उभा धरला, दुसऱ्या हाताने मोबाइल त्याच्याजवळून तिरका सरकवला. "लाकूड असं तिरकं गेलं की पात्याच्या मागच्या बाजूला अडकतं. अडकलं की पातं ते उचलून आपल्या अंगावर फेकतं. आणि आपण काय करतो? हाताने अडवायला जातो." आजूबाजूने माणसं वळून बघत होती. "पॉवर आहे ना, पॉवर सगळ्यांत आहे. सरळ कोण नेतं ते बघायचं."

चेण्याला घोडबंदर रोडच्या कडेला एक फर्निचरची शेड होती. तिथल्या मिस्त्रीने प्लायच्या टेबलाखाली कटर उलटा बसवून स्वतःच टेबल सॉ बनवला होता. सगळ्यांत स्वस्त मार्ग हाच, असं आम्हाला खूप जणांनी सांगितलं होतं, म्हणून सिस्टर बघायला गेल्या. मिस्त्री उत्साहाने मशीन दाखवायला लागला.

"मशीन बाद में. पहले हाथ दिखाओ."

त्याने उजवा हात दाखवला. डावा खिशात होता.

"दोनों."

त्याने हळूच डावा बाहेर काढला. तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावरच संपली होती. मला वाटलं, आता त्या त्याला सुनावणार. पण त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं, त्याला बसवलं आणि तो हात स्वतःच्या हातात घेतला. उरलेल्या टोकांवरून अंगठा फिरवत विचारलं, "थंडी में दुखता है?"

"बहुत."

"जहाँ उँगली नहीं है, वहाँ खुजली होती है?"

मिस्त्री चमकला. "आपको कैसे मालूम? मैं किसी को बोलता नहीं, हँसेंगे."

"सबको होती है. कोई नहीं हँसेगा." मग म्हणाल्या, "टाँके अच्छे हैं. किसी ने मन लगाके किया है." तो स्वतःच्याच हाताकडे नव्याने बघायला लागला. मग त्यानेच सांगितलं की तुकडा छोटा होता, हातानेच धरला. पात्याच्या मागे पोलादी पत्ती असते, लाकूड परत मिटून पात्याला आवळू नये म्हणून. ती या टेबलाला बसवताच येत नव्हती, आणि वरचं झाकणही आड येतं म्हणून काढलं होतं. "आप लेना तो वो पत्तीवाला ही लेना, सिस्टर. ये मत बनाना." तो आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. सिस्टरनी त्याला थंडीत हाताला बांधायला लोकरीचा मोजा कसा कापायचा ते समजावलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. रिक्षात त्या आपणहून म्हणाल्या, "बोट तुटलं की लोक थेट बर्फात घालून आणायचे. बर्फ लागला की ते मरतं. ओल्या फडक्यात गुंडाळायचं, पिशवीत घालायचं, पिशवी बर्फावर. किती जणांना सांगितलं मी. पण ज्याचं तुटतं त्याला आदल्या दिवशी कुठे सांगता येतं?"

मी म्हटलं, "सिस्टर, मग तुम्ही या भानगडीत कशाला पडता? प्लास्टिकच्या खुर्च्या मिळतात की बाजारात."

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आमची आई प्लास्टिकच्याच खुर्चीवरून पडली. मोरी ओली होती, खुर्ची सरकली. मी आणली होती ती. खुबा मोडला. मी ड्युटीवर दुसऱ्यांच्या आयांना उठवत बसवत होते." एवढंच. हे त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मनासारखं मशीन शेवटी भाईंदरच्या एका वखारीत भेटलं. वखारवाले शेठ वयस्कर, कच्छी, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. कोपऱ्यात मध्यम आकाराचं मशीन उभं होतं. पिवळं नाही की चकचकीत नाही. सिस्टरनी फेन्स घट्ट करून दोन्ही टोकांना दाबली. हलली नाही. पात्यामागे पत्ती होती, वर झाकण होतं. बंद करायचं बटण मोठं, लाल आणि पुढच्या बाजूला इतकं खाली की हात गुंतलेले असले तरी गुडघ्याने दाबता यावं. शेठनी चालू केलं तेव्हा दिवे मिचमिचले नाहीत. बंद केल्यावर पातं लगेच थांबलं. पार्ट? शेठनी मागच्या फडताळाकडे बोट दाखवलं. बिघडलं तर माणूस? शेठ म्हणाले, "मैं हूँ ना." ऑनलाइनपेक्षा थोडं महाग होतं, पण सिस्टरचा चेहरा मी बघितला. मुलगी पसंत पडल्यावर सासूचा होतो तसा झाला होता.

"अब हाथ दिखाओ," त्या शेठना म्हणाल्या.

शेठनी हसत दहाही बोटं पुढे केली. मग तसेच हसत म्हणाले, "अब आप दिखाओ, बेन."

हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केले. डावा स्थिर होता. उजवा थरथरत होता. जास्त नाही, शेजारून ट्रक गेल्यावर ताटातलं पाणी हलतं तेवढाच. पण ट्रक निघून गेला तरी ते थांबत नव्हतं.

शेठचं हसू गेलं. "बेन, मैं आपको नहीं बेचूँगा."

"हाथ हिलता है इसीलिए तो मशीन चाहिए," सिस्टर म्हणाल्या. आवाज वॉर्डातलाच, पण थोडा चढा. "जिसका हाथ सीधा है वो करवत से भी काट लेगा. ये पट्टी सीधा रखेगी. काठी से ढकेलूँगी. हाथ पास जाएगा ही नहीं."

"सब सही बोलती हो. लेकिन मशीन को दया नहीं आती. आप और कहीं से ले लो, मैं रोक नहीं सकता. मेरे हाथ से नहीं."

सिस्टर ताडकन वळल्या आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग. वखारीच्या फाटकापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे थांबून त्याच म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून आहे. ब्लाउजची बटणं लावताना कळलं."

"डॉक्टरकडे?"

"डॉक्टर काय सांगणार ते मला माहितीय. त्यांनी तोंडाने सांगितलं की ते खरं होतं."

पुढचे काही दिवस वाईट गेले. त्यांनी खुंटीवरची करवत परत काढली. मला वरच्या खोलीत आवाज यायचा: चार फेरे सरळ, मग अडखळ, मग थांबणं, मग पुन्हा. एकदा खाली आले तर पडवीत कापलेल्या फळ्या एकावर एक रचलेल्या आणि एकाही फळीची कड दुसरीशी जुळत नव्हती. सिस्टर शेजारी बसल्या होत्या, हात पदराखाली. कोळीण मासळी घेऊन आली आणि म्हणाली, "सिस्टर, शेजारनीला पन खुर्ची पायजे, कधी देतंस?" तेव्हा त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "बघू."

मग एका रविवारी सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली. साडी घट्ट खोचलेली, पदर कमरेला, डोळ्यांवर जाड चष्मा, काखेत फळी. "चल. शेठकडे."

मी म्हटलं, ते देणार नाहीत. "विकत कोण मागतंय? एकदा चालवून बघायचंय."

शेठनी बराच वेळ नकार दिला. शेवटी स्वतः बटणापाशी उभे राहायच्या अटीवर तयार झाले. वखारीतली माणसं हातातलं काम सोडून लांब उभी राहिली. सिस्टरनी फळी फेन्सला लावली, डावा हात फळीवर, उजव्या हातात ढकलायची काठी. शेठनी बटण दाबलं. पातं घरघरत चढलं आणि त्याचे दात दिसेनासे झाले. नुसतं एक चकाकणारं वर्तुळ उरलं.

फळी पात्यापासून वीतभर अंतरावर होती. सिस्टर उभ्या होत्या. काठीचं टोक फळीच्या कडेवर टकटक, टकटक वाजत होतं. मशीनच्या घरघरीत ऐकू नाही आलं तरी ते मला दिसत होतं. त्या पात्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, दुसऱ्या कोणाचा असावा तसं.

मग त्यांनी गुडघा पुढे केला आणि लाल बटण दाबलं.

पातं पूर्ण थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग काठी टेबलावर ठेवली. "नाही," त्या म्हणाल्या. "वॉर्डात असते तर या बाईला मी टेबलाजवळ उभी केली नसती." शेठनी माठातून पाणी आणलं. ते त्यांनी डाव्या हाताने घेतलं, प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"तू."

"मी?" मी एक पाऊल मागे सरकले. "सिस्टर, मला या मशीनची भीती वाटते."

"किती?"

"खूप. आवाजानेच पोट दुखतं."

"मग चालेल. ज्याला भीती वाटत नाही त्याला याच्यापुढे उभं करू नये." त्या शेठकडे वळल्या. "ये चलाएगी. अब बेचोगे?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. माझी अवस्था त्यांना पुरेशी वाईट दिसली असावी, कारण ते म्हणाले, "हाँ. ये ठीक है."

मशीन टेम्पोतून आलं तेव्हा गल्ली जमली. सिस्टरनी सगळ्यांना पडवीच्या बाहेर एका रेघेपलीकडे उभं केलं. पहिले कित्येक दिवस त्यांनी मला लाकूड कापूच दिलं नाही. नुसतं चालू करायचं, बंद करायचं. बंद केल्यावर पातं थांबेपर्यंत हात कमरेवर. केस बांधलेले, ओढणी खुंटीवर, मोबाइल घरात. बाहेर घर पेटलं तरी मागे वळायचं नाही. मी वैतागायचे. कॉल सेंटरमध्ये आम्हाला शिकवताना कोणी एवढं छळलं नव्हतं.

पहिला काप दिला त्या दिवशी त्या माझ्या डाव्या बाजूला, पात्याच्या रेषेपासून लांब उभ्या होत्या. "श्वास सोड. ढकलू नकोस, जाऊ दे त्याला. जाऊ दे... जाऊ दे... थांब." फळीचे दोन तुकडे झाले. मी मशीन बंद केलं, पातं थांबलं आणि मग मी टेबलाचा काठ धरला. सिस्टरनी तुकडे उचलून कडा एकमेकींना लावल्या, उजेडासमोर धरल्या. फट नव्हती. "बस खाली," त्या म्हणाल्या, "डोकं गुडघ्यात घाल. चक्कर येईल." कौतुक त्यांना येत नसे. रात्री मात्र मी कामावरून आले तर जिन्यात झाकून ठेवलेली तांदळाची गोड सांदणं होती, आणि त्यांच्या हाताने सांदणं करणं म्हणजे आता काय कष्टाचं होतं ते मला माहीत होतं.

तेव्हापासून खुर्च्या मी कापायचे आणि त्या आखायच्या. आखताना गुण्या हलू नये म्हणून त्यावर जुनी लोखंडी इस्त्री ठेवायच्या. हात बिघडत गेला तशी पेन्सिल जाड होत गेली, मग रेघा मी मारायला लागले आणि त्या खुर्चीत बसून सांगायच्या. पुढे पुढे त्या आत खाटेवर असायच्या आणि नुसता आवाज ऐकून ओरडायच्या, "पातं बोथट झालंय! रडतंय बघ ते!" बरोबर असायचं. डॉक्टरकडे मी त्यांना शेवटी ओढत नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मला माहीत होतं. गोळी जेवणाआधी की नंतर?"

एका सकाळी मोरीतून धप्पकन आवाज आला. मी वरून धावले. सिस्टर जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मोडलं काहीच नव्हतं. त्यांनी स्वतःच सगळी हाडं तपासून घेतली होती. मला बघून म्हणाल्या, "ओरडू नकोस. उचल मला, गुडघ्यात वाकून उचल, कमरेतून नाही."

त्यांना खाटेवर बसवून मी म्हटलं, "सिस्टर, आता तुमच्यासाठी खुर्ची."

मी वाद होणार म्हणून तयारीत होते. पण त्या लगेच म्हणाल्या, "कर. फक्त माझ्या मापाची करू नकोस."

"म्हणजे?"

"मी उंचीला कमी. माझ्या मापाची केलीस तर माझ्यानंतर कोणाच्या उपयोगाची नाही. मधल्या मापाची कर. उद्या दुसऱ्या कोणाला लागेल."

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्या पेपर वाचत बसल्या होत्या. खाटेवरून त्यांचे पाय लहान मुलीसारखे लोंबत होते. त्या घरातली प्रत्येक वस्तू त्यांना उंच होती आणि उंच पडते का, असं त्यांना बहुतेक जन्मभर कोणी विचारलंच नव्हतं. मी पडलेली पेन्सिल शोधायच्या निमित्ताने खाली वाकले आणि गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत विती टाकून माप घेतलं.

खुर्ची मी एकटीने केली. ती पूर्ण झाल्यावर सुट्टीच्या दिवशी सिस्टरना धरून तिच्यावर बसवलं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, पाठ टेकली. मग पाय खाली सोडले, आणि दोन्ही तळवे लादीवर सपाट टेकले. त्यांनी खाली बघितलं. एकदा टाचा उचलून परत टेकवल्या.

"ऐकत नाहीस तू," त्या म्हणाल्या.

पण उठल्या नाहीत. बाहेर टॉवरांमधले दिवे लागेपर्यंत तशाच बसून राहिल्या.